भाऊबीजेची थकबाकी

दिवाळीच्या सगळ्या दिवसांत भाऊबीज हा एकच दिवस असा आहे की त्या दिवशी माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरालाही आपण कोणीतरी मोठे असल्यासारखे वाटते. पाटावर बसवतात, डोक्यावर टोपी नसली तर रुमाल ठेवायला लावतात, कुंकवाचा टिळा लावतात, आणि ताटात काय पडते इकडे घरातल्या पोरांचे डोळे लागून राहिलेले असतात. गेल्या वर्षी मात्र माझ्या धाकट्या बहिणीने ओवाळून झाल्यावर ताट पुढे केलेच नाही. मी पाकीट काढले तशी म्हणाली, "ठेव ते दादा. यंदा मले पैसे नको. एका गोष्टीचं उत्तर पायजे."

"विचार."

"पेपरात वाचलं मी. आता म्हणे समुद्र आरपार दिसते. वरून उपग्रह, खालून यंत्रं. मंग पाणबुडी लपन कुठी?"

निरांजनाचे ताट अजून तिच्या हातातच होते. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नौदलात पाणबुडीवर आहे. कोणत्या पाणबुडीवर ते मी लिहिणार नाही. खरे म्हणजे आम्ही ते घरातसुद्धा मोठ्याने बोलत नाही. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला त्याचा फोन आला होता. "मामा, बाहेर चाललो," एवढेच बोलला. तेव्हापासून फोन बंद. दसरा गेला, कोजागिरी गेली, लक्ष्मीपूजन गेले. तो कुठे आहे ते सरकारला ठाऊक आणि त्या पाण्याला.

वाचकांना हसू येईल. यवतमाळ जिल्हा आणि पाणबुडी! आमच्या जिल्ह्याला समुद्र कोणत्याच दिशेने लागत नाही. मुंबईचे पाणी इथून सातशे किलोमीटरच्या आसपास. पाणी म्हटले की आम्हाला बेंबळा आठवते, अरुणावती आठवते, पावसाळ्यात फुगलेली पैनगंगा आठवते, आणि मे महिन्यात टँकर. मी स्वतः समुद्र पाहिला तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी, शाळेची सहल घेऊन गेलो तेव्हा. आणि पाहिल्याबरोबर पहिला विचार मनात आला तो असा की एवढे पाणी आणि एक घोट पिता येत नाही! अशा माणसाला बहीण समुद्राविषयी विचारत होती. पण मास्तराला "माहीत नाही" म्हणायची सवय नसते. मुले मला आयुष्यभर जे सांगत आली तेच मी तिला सांगितले, "अभ्यास करून सांगतो."

पुढचे दोन आठवडे मी खरोखरच अभ्यास केला. जिल्हा ग्रंथालयात बसलो, नातवाच्या यंत्रावर वाचले, पुतण्याला इंग्रजी लेख छापून आणायला लावले. घरच्यांना वाटले, म्हातारा भरतीला निघाला.

पहिली गोष्ट कळली ती अशी की पाणी हे झाकण फार जाड आहे. सूर्यप्रकाश समुद्रात फार तर दोनशे मीटर उतरतो, आणि तोही नावापुरता. विमाने शोधणारे रडार पाण्याच्या पृष्ठभागावरच अडते. पाण्यात दूरवर जातो तो फक्त आवाज; हवेत तो सेकंदाला तीनशे चाळीस मीटरच्या आसपास धावतो, पाण्यात पंधराशेच्या आसपास. म्हणून पाण्याखाली सगळा कारभार कानांचा. या कानांच्या यंत्राला 'सोनार' म्हणतात. हे मी बहिणीला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सोनाराले समुद्रात काय काम?" मी म्हटले, "कान टोचायला सोनारच लागतो ना!" त्यावर ती त्या पंधरवड्यात पहिल्यांदा हसली.

हे वाचत असताना मला एकसारखे आठवत होते ते टिपेश्वरच्या रानालगतचे आमचे शेत. ज्वारी हुरड्यावर आली की रात्री जागलीला जावे लागे. आठ-नऊ वर्षांचा असेन. मचाणावर बाबांच्या घोंगडीत शिरून मी अंधारात डोळे फाडफाडून बघत बसे, आणि बाबा म्हणत, "डोळे मीट आन आयक." रानडुक्कर दिसत नाहीच. त्याचे ताटे मोडणे ऐकू येते तेव्हा निम्मा वाफा गेलेला असतो. बाबा ऐकत ते वेगळेच. रात्रभर रातकिड्यांची किरकिर चालू असे, आणि एकाएकी धुऱ्याच्या एखाद्या कोपऱ्यातली किरकिर थांबे. बाकी सगळीकडे चालू, तेवढ्या तुकड्यात गप्प. बाबा कुजबुजत, "आलं." आणि टिनाचा डबा बडवायला घेत. कधी ते चुकतही. वाऱ्याची झुळूकही किड्यांना गप्प करी, आणि मग आम्ही दोघे उगाच डबा बडवून गावातल्या कुत्र्यांची झोप मोडत असू.

समुद्रही असाच रात्रभर किरकिरतो हे मला या वयात कळले. उष्ण प्रदेशातल्या उथळ पाण्यात कोळंबीच्या जातीचे इवलेसे जीव नांग्या वाजवतात, त्याचा कडकडाट चालू असतो. देवमासे गातात, पाऊस पडतो, मच्छीमारांच्या बोटींची इंजिने घरघरतात, मालवाहू जहाजे गडगडत जातात. या बाजारात बॅटरीवर हळूहळू चाललेली पाणबुडी ऐकायची! तिच्या अंगावर रबरासारख्या फरश्या चिकटवलेल्या असतात, त्या आवाज पितात. यंत्रे गाद्यांवर बसवलेली असतात. पंखा फार जोरात फिरला तर पाण्यात बुडबुडे उठून फुटतात आणि त्यांचा आवाज जातो, म्हणून तो वळणदार पात्यांचा आणि संथ असतो. शिवाय पाणी सगळीकडे सारखे नसते. वर ऊन खाल्लेले पाणी, खाली गार. या दोहोंच्या सांध्यावर आवाज वाकतो. आमच्याकडे उन्हाळ्यात नागपूर-हैदराबाद रस्त्यावर पांढरकवड्याच्या पुढे डांबरावर तळे दिसते, तसलाच हा प्रकार. तिथे तापलेल्या हवेत प्रकाश वाकतो, इथे पाण्याच्या थरात आवाज. पाणबुडी त्या थराखाली सरकली की वरच्या जहाजाच्या कानाला मृगजळच ऐकू यायचे.

पण पाणबुडीचे एक दुखणे आहे. तिला श्वास घ्यावा लागतो. अणुशक्तीवर चालणारी सोडली तर बाकीच्या पाणबुड्यांची बॅटरी संपते, मग वर येऊन नळी पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिन चालवावे लागते. त्या वेळी आवाज होतो, धूर निघतो, नळी रडारला दिसू शकते. मुंबईला माझगाव गोदीत बांधलेल्या सहा पाणबुड्यांना, म्हणजे २०१७ साली नौदलात आलेल्या 'कलवरी'पासून २०२५ च्या जानेवारीत आलेल्या 'वागशीर'पर्यंत सगळ्यांना, हे दुखणे घेऊनच जन्मावे लागले. त्यावरचा उतारा आपल्याच महाराष्ट्रात, अंबरनाथच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार झाला. बाहेरची हवा न घेता वीज करणारे ते यंत्र २०२१ साली जमिनीवर चालवून पाहिले, आणि ते पाणबुडीत बसवण्यासाठी २०२४ च्या डिसेंबरात करारही झाला. अंबरनाथ म्हटले की मला आजवर शिवमंदिर आणि काड्यापेटीच आठवे.

आता लपणे संपले का? हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला असे समजू नये. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिक महासागरात इंग्रजांचा घास तोडत आणला होता. पण त्या वेळच्या पाणबुड्या पुष्कळसा वेळ पृष्ठभागावरच असत, आणि घरी बिनतारी संदेश पाठवण्याची त्यांना फार हौस. इंग्रजांनी ते संदेश पकडले, त्यांची लिपी फोडली, विमानांवर रडार बसवले. १९४३ च्या एकट्या मे महिन्यात ४१ पाणबुड्या बुडाल्या. युद्ध संपले तेव्हा जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या चार पोरांपैकी जवळजवळ तीन परत आली नव्हती. तेव्हाही लोक म्हणाले, संपला यांचा काळ. आणि १९५५ च्या जानेवारीत अमेरिकेची 'नॉटिलस' अणुशक्तीवर समुद्रात उतरली, जिला श्वासच नको! उंदीर-मांजराचा हा खेळ तेव्हापासून तसाच चालला आहे.

आपल्याकडचा सगळ्यांत दुःखद दाखला १९७१ चा. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आपल्या 'खुकरी'वर पाणतीर सोडला. 'खुकरी' काही मिनिटांत गेली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले; कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यानंतर आपली जहाजे आणि विमाने चार दिवस 'हंगोर'च्या मागे होती, पाणबॉम्बांचा वर्षाव झाला. ती निसटून कराचीला पोचली. हे वाचताना माझ्या मनाची मोठी विचित्र अवस्था झाली. १९७१ साली मी 'खुकरी'ची बातमी रेडिओवर ऐकून रडलेला मुलगा. आणि आता, या वयात, मी त्या चार दिवसांचा हिशोब शत्रूच्या पाणबुडीच्या बाजूने मांडत होतो: चार दिवस, इतकी जहाजे, इतकी विमाने, तरी सापडली नाही. कारण मला माझे एक पोर पाण्याखाली असल्याचे ठाऊक होते. त्या पाणबुडीतल्या पोरांनाही आया होत्याच.

पुढचेही दाखले निघाले. १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाच्या 'सान लुइस' नावाच्या एका लहान पाणबुडीने इंग्रजी आरमाराला असे घाबरवले की त्यांनी देवमासे आणि माशांचे थवे यांच्यावर पाणतीर खर्च केले. ती सुखरूप घरी गेली. २००५ साली अमेरिकेने स्वीडनकडून 'गोटलंड' नावाची पाणबुडी सरावासाठी भाड्याने आणली, तर तिने त्यांची प्रचंड विमानवाहू 'रोनाल्ड रेगन' सरावात बुडवून दाखवली. आणि सगळ्यांत कडी म्हणजे २००९ च्या फेब्रुवारीत अटलांटिकमध्ये इंग्रजांची 'व्हॅनगार्ड' आणि फ्रेंचांची 'त्रियोंफाँ' या दोन अणुपाणबुड्या एकमेकींवर आदळल्या. दोघी इतक्या गप्प की एकीला दुसरीचा पत्ता नाही! दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्या, पोटात अण्वस्त्रे, आणि अंधारात कपाळमोक्ष. कोणाला इजा झाली नाही म्हणून हसता येते.

हे सगळे टिपून घेऊन मी कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास एस.टी.ने राळेगाव तालुक्यात बहिणीच्या गावी गेलो. भाच्याचा फोन अजून आला नव्हता. ती ओसरीवर कापसातली कवडी निवडत बसली होती. हात चालूच ठेवून तिने सगळे ऐकले. विद्यार्थिनी म्हणून ती पहिल्यापासून माझ्यापेक्षा हुशार. शाळा मात्र तिची सातवीत सुटली.

"हे सगळं जुनं झालं," ती म्हणाली. "आता काय?"

मग मी आताचे सांगितले. आता यंत्राला कान आहेत आणि त्या कानामागे गणित करणारा मेंदूही आहे. पूर्वी माणसाला जो आवाज गोंगाटात हरवलेला वाटे तो यंत्र निवडून काढू लागले आहे. माणसाशिवाय चालणाऱ्या होड्या महिनोन् महिने समुद्रात कान लावून फिरतात. आपल्या नौदलाकडेही २०१३ पासून पाणबुड्या शोधणारी मोठी विमाने आहेत. बंदरात उभी असलेली पाणबुडी उपग्रहाला स्वच्छ दिसते. २०२३ च्या सप्टेंबरात सेवास्तोपोलच्या गोदीत दुरुस्तीला लावलेल्या रशियन पाणबुडीवर युक्रेनची क्षेपणास्त्रे येऊन पडली. आणि सगळा चोरटेपणा कधी कधी कागदावरूनच फुटतो. २०१६ साली एका ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्राने आपल्याच त्या माझगावच्या पाणबुड्यांविषयीची बावीस हजार चारशे पाने बाहेर फुटल्याचे छापले. फरश्या चिकटवणारे चिकटवत बसले होते, आणि कोणीतरी कपाटच उघडे ठेवले होते!

एवढे सांगून मी म्हटले, "पण बाई, दिसणं आणि सापडणं यात फरक आहे. समुद्रात काहीतरी आहे असा संशय येणं ही एक गोष्ट. ते नेमकं कुठं आहे ते कळणं ही दुसरी. आणि तिथं पोचेपर्यंत ते तिथंच असणं ही तिसरी."

तिने कवडी बाजूला टाकली. "म्हणजे त्या वाघिणीसारखं."

मी चमकलो. इतकी पुस्तके वाचली, पण हे मला सुचले नव्हते. तिला सुचले, कारण ती त्यातून गेली होती. २०१८ सालची गोष्ट. टी-वन, जिला पुढे सगळे 'अवनी' म्हणू लागले, त्या वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू लागले होते. बहिणीच्या गावच्या बाया कापूस वेचायला घोळक्याने जात, आणि घोळक्यात कडेला कोण राहील यावरून भांडत. वनखात्याने रानात कॅमेरे लावले, हत्ती आणले, ड्रोन उडवले, श्वानपथके आली, पॅराग्लायडर आला, परदेशी अत्तर शिंपडले. महिने गेले. कॅमेऱ्यात तिचे फोटो येत. पण फोटो म्हणजे ती इथे होती. ती इथे आहे असे नव्हे. माणसे तिथे पोचत तेव्हा झुडपे हलत असत, बस्स.

"हो," मी म्हटले. "अगदी तसंच."

"पण शेवटी मारलीच ना तिले."

ओसरीवर काही वेळ नुसता कापसाचा आवाज राहिला. कापसाला आवाज असतो हे वेचणाऱ्यांनाच ठाऊक. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी लागली. ते योग्य की अयोग्य यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. मी त्यात पडत नाही. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना विचारा, आणि मग तिच्या दोन पिल्लांनाही विचारा. पण तो आठवडा माझ्या लक्षात आहे तो दुसऱ्याच कारणाने. त्याच आठवड्यात, धनत्रयोदशीला, ५ नोव्हेंबरला, 'अरिहंत' ही आपली अणुपाणबुडी पहिली गस्त पुरी करून आल्याचे जाहीर झाले. भाचा तेव्हा शिकाऊ होता. घरात एकाच दिवाळीत दोन बातम्या: रानात लपलेली एक सापडली, आणि समुद्रात लपलेली एक न सापडता घरी आली.

मी बहिणीला 'अरिहंत'चे सांगू लागलो. आपण अणुबॉम्ब आधी टाकणार नाही असे आपल्या देशाने म्हटले आहे. तेव्हा पहिला घाव खाऊनही उलट मारता येईल असे काहीतरी कुठेतरी लपलेले असावे लागते, आणि जमिनीवर आता लपायला जागा उरली नाही. तिने मला मध्येच थांबवले. "ते दिल्लीवाल्यायले सांग. आपला पोरगा त्यात हाय का?"

"नाही."

"मंग त्याचं सांग."

मग मी त्याचे सांगितले. जेवढे मला खरे वाटत होते तेवढे. वाघिणीला पिल्ले होती, पोट होते, चोहोबाजूंनी शेते होती. तिला जायला दुसरे रान नव्हते. तुझ्या पोराला अख्खा समुद्र आहे. शोधणाऱ्याला सगळे पाणी धुंडावे लागते, त्याला एका जागी गप्प बसता आले की झाले. यंत्रे वाढतील तसे हे गप्प बसणे कठीण होईल. पूर्वी जो आवाज खपून जाई तो उद्या खपणार नाही. आणि म्हणूनच ज्याला गप्प बसता येते त्याची किंमत वाढली आहे, कमी झालेली नाही. खांदेरीच्या वेढ्यात, १६७९ साली, इंग्रजांची मोठमोठी गलबते पहाऱ्याला असताना आपल्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून बेटावर रसद पोचवीत. माझगावच्या एका पाणबुडीचे नाव त्या बेटावरूनच ठेवले आहे. धोका आहे. नाही असे मी म्हणणार नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये 'सिंधुरक्षक' मुंबईच्या गोदीत उभ्या उभ्या स्फोट होऊन बुडाली आणि अठरा जण गेले. तिथे शत्रूही नव्हता.

शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते. पण ओवाळणीत खोटे नाणे घालू नये असे आमच्या आईचे म्हणणे होते.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्यापरीस जोतिषी बरा होता. तो निदान नारळ घेऊन चांगलं तरी सांगते." आणि चहा टाकायला उठली. जाता जाता सांगू लागली की मागच्या खेपेला पोरगा सुटीवर आला तेव्हा त्याची एक सवय तिच्या ध्यानात आली. पाण्याचा तांब्या ठेवतो तर आवाज नाही. ताट मोरीत नेऊन ठेवतो तर आवाज नाही. दार लावतो तर कडी वाजत नाही. "घरात हाय का नाई तेच समजत नाई. मी दोनदा दचकली." पाणबुडीत हातातून एक पाना पडला तरी पाप, स्वयंपाक्यालासुद्धा पळी आपटायची चोरी, हे त्याने आम्हाला कधी सांगितले नव्हते. ते त्याच्या हातांनी सांगितले.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी पुन्हा तिच्याकडे होतो. पूजा मांडायची म्हणून ती घरात तांब्यावर नारळ ठेवीत होती, मी ओसरीवर पेपर वाचत होतो. मध्येच पेपरावर सावली पडली म्हणून वर पाहिले, तर भाचा उंबऱ्याशी उभा. खांद्यावर पिशवी, दाढी वाढलेली, ऊन न लागलेला चेहरा कापसासारखा. ना फाटक वाजले, ना कुत्रे भुंकले. त्याने ओठांवर बोट ठेवून मला खूण केली आणि आत गेला.

आतून पहिल्यांदा तांब्या पडल्याचा आवाज आला, नारळ घरंगळत थेट ओसरीपर्यंत आला, आणि मागोमाग बहिणीचा आवाज, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा:

"मेल्या, आवाज देत येत जाय ना रे!"